वजन उतरवायचं तर शेपटीपासून

मागच्या नोंदीत आपलं मॉडेल रॉकेट मोटरसकट 104 ग्रॅम भरलं होतं. आता 88 वर आलंय. लॅबमधला काटा ग्रॅमच्या खाली बोलतच नाही, म्हणून प्रत्येक भाग नांदेडच्या सराफ्यात नेऊन मोजला. काटेवाले मामा आधी हसले, मग त्यांनाच गोडी लागली.

सुरुवात फिनपासून, म्हणजे शेपटीच्या पंखांपासून केली. 2 मिमी प्लायच्या तीन फिन 12 ग्रॅम होत्या. त्यांच्या जागी 3 मिमी बाल्सा (एकदम हलकं लाकूड) घेतला, लाकडाच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेवल्या आणि दोन्ही बाजूंनी साधा 80 जीएसएमचा कागद चिकटवला. सगळं मिळून 6 ग्रॅम. कागदाशिवाय बाल्सा उतरताना दगडावर आपटला की फुटणार, त्यामुळे तिथे कंजुषी नको.

खरी गंमत पुढे आहे. आपला सीजी (गुरुत्वमध्य) नोजच्या, म्हणजे रॉकेटच्या नाकाच्या टोकापासून 40 सेंमीवर, फिन 58 वर आणि तोल साधायला नोजमध्ये ठेवलेला क्लेचा गोळा 5 वर. म्हणजे फिन सीजीपासून 18 सेंमी मागे, गोळा 35 सेंमी पुढे. मागचे 6 ग्रॅम गेले की 6 × 18 ÷ 35, म्हणजे पुढचे 3 ग्रॅमही काढता येतात आणि सीजी जागचा हलत नाही. सीपी (हवेच्या दाबाचा मध्य) 43.5 वर, ट्यूब 2.9 सेंमी व्यासाची, म्हणजे स्थिर उडायला सीजी आणि सीपीमध्ये ठेवलेलं एका व्यासाहून जास्त अंतर शाबूत. फिनच्या मुळाशी इपॉक्सीऐवजी पांढरा फेविकॉल भरला (त्यातलं पाणी उडून जातं), तिथे 2 ग्रॅम वाचले, वर क्लेचा आणखी एक.

उरलेले 4 ग्रॅम रंगाचे. यावर टीममध्ये भांडण झालं. "रंगाशिवाय रॉकेट कसलं?" शेवटी फक्त नोज भगवा ठेवला, बाकी ट्यूब घासून गुळगुळीत केली.

आता आणखी उतरवायचं का? माझं मत, जपून. पीस कितीही जोरात फेका, लांब जात नाही; मोटर संपल्यावर हवेशी झुंजायला थोडं वजन लागतंच. ओपनरॉकेट या उड्डाणाचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वजन कमी करत जाऊन उंची कुठे घसरायला लागते ते बघतोय. तिथलं तापमान मात्र आधी बदला. ते ठरलेल्या 15 अंशांवर असतं, आणि आपल्या मे महिन्यातल्या 42 अंशांत, दाब तोच धरला तरी, हवा साधारण 9 टक्के विरळ होते.

वजन बदललं की माथ्यावर पोचायची वेळही बदलते, म्हणून मोटरचा डिले (जळून संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचा वेळ) नव्याने निवडायचाय. पॅराशूटला टाल्कम लावून घडी घालायचं कामही बाकी आहे. उन्हात प्लास्टिक चिकटतं.