रेवाल चालीवरची एक फेरी

घोडेस्वारी शिकायला लागलेल्या माणसाने एकदा तरी सारंगखेड्याला जावं. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी वसलेलं हे गाव. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोडेबाजार. आम्ही रेल्वेने दोंडाईचाला उतरलो आणि पुढे एसटी धरली.

राहुट्यांसमोर खुंट्यांना ओळीने घोडे बांधलेले. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून आलेले. मारवाडी घोड्याचे कान टोकांशी आत वळून एकमेकांना जवळजवळ भिडतात, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. काठियावाडीही त्याच थाटाचा, त्या दोघांत माझी अजून गल्लत होते. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा तो नुकरा. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. गिऱ्हाईक मात्र आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतं. गळ्यावरचा ‘देवमण’ शुभ, त्याने किंमत चढते. मी आपला दात बघत होतो. पाच वर्षांच्या आसपास घोड्याचे दुधाचे दात जाऊन पक्के दात पूर्ण होतात. विकणारा सांगतो ते वय आणि तोंडातलं वय यांचा मेळ बसतो का, हे बघण्यात मजा आहे.

पुण्यातल्या वर्गात आम्हाला शिकवलंय ते वेगळं. खांद्याच्या बाजूने जवळ जायचं, कारण अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं त्याला दिसत नाही. मग तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तपासायचा, टाच खाली, नजर समोर. दुडकीत घोडा तिरक्या जोडीने पाय टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, आणि स्वाराला दर ठोक्याला एक हिसका बसतो. एक सोडून एक हिसका चुकवायला रिकिबीवर उठायचं, बसायचं. ही उठबस अंगवळणी पडेपर्यंत मांड्या भरून येतात.

एका मालकाने मैदानात त्याच्या घोडीवर फेरी मारू दिली. घोडी रेवाल चालीवर पडली तशी सवयीने माझी उठबस सुरू झाली. लगामाशी चालणारा मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारा, हसला, “भाऊ, उठता कशाला? बसून राहा निवांत!” खरंच की. रेवालमध्ये एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर पडतात, एक तरी पाय जमिनीवर राहतो, त्यामुळे पाठ वर-खाली होतच नाही. खोगिरावर बसल्या बसल्या चहा पिता यावा इतकी सपाट चाल! लांबच्या मजलीसाठी ही चाल का जपली असेल, ते कमरेला लगेच कळलं.

एक गोष्ट मात्र रुचली नाही. काही घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम होते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर लगाम टेकतो, आणि तिथली कातडी फार नाजूक. मान ऐटीत वाकलेली दिसते खरी, पण ती पुष्कळदा दुखण्यापासून पळणारी मान असते. ढोलावर नाचवलेल्या घोड्यांना टाळ्या पडत होत्या. मला त्यांच्यापेक्षा कडेला एक म्हातारे गृहस्थ कोवळ्या शिंगराला दोरीवर गोल फिरवत होते ते बघण्यात जास्त रस वाटला. पाठीवर कुणी नाही, चाबूक फक्त दिशा दाखवायला. शिंगरू थांबलं की तेही थांबायचे, घाई नाही. “हाडं पक्की व्हायच्या आधी पाठीवर ओझं टाकलं तर आयुष्यभर कंबर धरून बसतो,” ते म्हणाले. बाजारात कोवळ्या वयाच्या घोड्यांवर बसलेली दांडगी माणसं दिसत होतीच, त्यांना हे कोण सांगणार?

जाणार असाल तर दत्तजयंतीच्या ऐन दिवशी नको, गर्दीत घोड्यांना आणि आपल्यालाही धड हलता येत नाही. हेल्मेट स्वतःचं न्या, आणि फेरी मारण्याआधी मालकाला विचारून तोंडातला लगाम बघून घ्या.