द्राक्षाच्या काडीवर दादरा

निसर्गातले आकडे आपल्या गाण्यातल्या सुरांशी जुळतात, असं म्हणत मागच्या वेळी साठेक गुणोत्तरांचा तक्ता मांडला होता. डोंगरांच्या उंच्या, ग्रहांच्या फेऱ्या, शिंपल्यांचे वेढे, आणि प्रत्येकापुढे बावीस श्रुतींपैकी (सा धरून ठरलेल्या गुणोत्तरांवर बसणाऱ्या सप्तकातल्या सुरांच्या जागा) कुठली ना कुठली. मंडळी, तो तक्ता रद्द समजा.

उदाहरणार्थ, कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७. भागाकार १.०५०. जवळची श्रुती २५६/२४३, म्हणजे १.०५३. झालं, पुढे 'अतिकोमल रिषभ' लिहून मी मोकळा! धाकट्या भावानं वही चाळली आणि म्हणाला, "दादा, सूर लागला नाही असा एक तरी डोंगर दाखव ना."

म्हणून हिशोबाला बसलो. एक टक्का चूक माफ धरली की प्रत्येक श्रुती आपल्या दोन्ही अंगांची जागा अडवते. सा आणि प सोडले तर बाकीच्या वीस श्रुती जोड्यांनी बसतात. जोडीतलं अंतर ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का, त्यामुळे जोडीतल्या दोघींच्या जागा एकमेकींवर चढतात. ते वजा केलं तरी सप्तकाचा सुमारे ५३ टक्के भाग व्यापला जातो. कुठलेही दोन आकडे भागून सप्तकात आणा, निम्म्याहून जास्त वेळा 'सूर' लागणारच. वर्षभर मी हेच करत होतो.

आता नियम एकच: कारण सापडलं तरच नोंद. साठातले तीन उरले.

पहिले गुरूचे चंद्र. एका फेरीला आयो १.७६९ दिवस, युरोपा ३.५५१, गॅनिमिड ७.१५५. भागाकार २.००७ आणि २.०१५, म्हणजे वरचा सा किंचित चढाच. पण खरी गाठ भागाकारात नाही, बेरजेत आहे. रोजच्या चालीचे अंश घ्या: २०३.४८९, १०१.३७५, ५०.३१८. आयोचे अंश अधिक गॅनिमिडचे दुप्पट, उत्तर ३०४.१२५. युरोपाचे तिप्पट, तेही ३०४.१२५! फ्रेंच गणिती लाप्लासनं उलगडलेली ही गाठ गुरुत्वाकर्षणानं बांधलेली आहे, आणि तिच्यामुळे हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला एका ओळीत कधीच येत नाहीत.

दुसरा हायड्रोजन. त्याच्या प्रकाशातल्या लायमन मालिकेतली (ठरावीक तरंगलांबीच्या रेषांची एक रांग) पहिली रेषा १२१.५६७ नॅनोमीटर, तिसरी ९७.२५४. भागा, १.२५. शुद्ध गांधार, ५/४. हा योगायोग नाही, कारण दोन्हींची ऊर्जा अनुक्रमे ३/४ आणि १५/१६ या प्रमाणात असते, आणि ऊर्जा वाढते तशी तरंगलांबी घटते. मात्र चौथ्या रेषेशी ३२/२५ येतं, ते आपल्या बाविसांत नाही. छोट्या पूर्णांकांचा खेळ आहे, गाण्याचा नाही.

तिसरी गोष्ट घरची. पिंपळगाव बसवंतला मामांचा थॉमसन जातीच्या द्राक्षांचा बाग आहे. मी तिथे सूर्यफुलासारखे ८, १३, २१ शोधायला गेलो होतो. ते वेलीत नाहीतच. द्राक्षाच्या काडीवर पानं समोरासमोरच्या दोन रांगांत येतात: एक डावं, एक उजवं. हिरमुसून बाळ्या, म्हणजे वेलीला आधार धरणारे तंतू, मोजायला घेतल्या. बाळी पानाच्या बरोबर समोर फुटते. काडीच्या बुडाचे दोनतीन डोळे (पान फुटायच्या जागा) सोडले की दोन डोळ्यांना बाळी किंवा घड, तिसरा रिकामा, पुन्हा दोन, पुन्हा रिकामा. पानांचा फेरा दोनाचा, बाळ्यांचा तिनाचा, म्हणून सगळी मांडणी सहा डोळ्यांनी परत येते. वहीत उतरवलं ते असं:

उजवी, डावी, रिकामा। डावी, उजवी, रिकामा।

दुसरा अर्धा पहिल्याचं आरशातलं रूप! तळहातावर सहा मात्रांचा दादरा ताल, धा धी ना। धा ती ना। धरून पाहिलं, सम आणि खाली जागच्या जागी. अर्थात दादरा माझ्या डोक्यातला. वेलीचे फक्त दोन आणि तीन.

मामांना दाखवलं, तर म्हणाले, "त्या काढायच्याच असतात रे, वेलीचं खातात फुकट." पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बायांनी ओळच्या ओळ साफ केलेली. आता कडेच्या एका वेलीला मामांनी लाल फडकं बांधून दिलंय. तिला कोणी हात लावायचा नाही.

पुढचं काम: बीपासून वाढलेल्या वेलीला सुरुवातीची पानं २/५ च्या मळसूत्रात (दोन फेऱ्यांत पाच पानं) येतात, आणि बाळ्या फुटू लागल्या की पानांच्या दोन रांगा होतात. हा बदल नेमक्या कितव्या पानाला होतो ते टिपायचंय. थॉमसनला बी नसते, म्हणून नाशिकच्या रविवार कारंजावरून बियांची काळी द्राक्षं आणून सात बिया कुंडीत टाकल्या. महिना झाला, एकही उगवली नाही. द्राक्षाच्या बीला आधी थंडी लागते, हे मागून कळलं. दुसऱ्या सात बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यात, कोथिंबिरीशेजारी.