सुप्याच्या माळावर गवताचे तुरे पाहताना

सुप्याला लोक चिंकारा बघायला जातात. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गवत बघायला गेलो, तेव्हा गेटवरच्या वनरक्षकाने "गवत?" असे दोनदा विचारले. मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यात, सुपे गावालगत आहे. १९९७ साली जाहीर झाले, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवत ओलांडून चौफुल्याला उजवीकडे वळायचे, तोच रस्ता सुप्यावरून पुढे मोरगावला जातो. चहा-नाश्ता चौफुल्यालाच उरका आणि पाणी भरून घ्या, पुढे माळावर सावलीसुद्धा मोजकीच आहे.

आत काहीही तोडायला मनाई आहे, आणि तुरा तोडून, चुरगळून बघितल्याशिवाय गवत नीट कळत नाही. म्हणून पहिला तासभर अभयारण्याबाहेर, रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या बांधांवर (मालकाला विचारून) काढा. रंगावर फार भिस्त ठेवू नका. एकाच जातीचा तुरा कोवळा असताना जांभळा, आठवड्याने पिवळट आणि महिन्याने भुरा दिसतो. पिकल्यावर तो मोडतो कसा, काय गळते आणि देठावर काय उरते, हे मात्र सहसा बदलत नाही.

चौफुल्याच्या पुढे रस्त्याकडेला जांभळट झुपकेदार तुऱ्यांचे क्लोरिस बार्बाटा गवत सगळीकडे होते. एका टोकातून पाच-दहा काड्या फुटतात, प्रत्येकीवर मऊ कुसळे. हरळीलाही तशाच काड्या, पण तीन ते पाच, नाजूक आणि बिनकुसळाच्या. गोंधळ होतो तो रान-नाचणी (एल्युसिनी इंडिका) आणि डॅक्टिलोक्टेनियम या गवतांत. भिंगातून काडीचे अगदी टोक पाहा. दाण्यांची रांग संपल्यावरही दांडा पुढे येऊन उघडे अणकुचीदार टोक दिसले तर डॅक्टिलोक्टेनियम, दाणे शेवटपर्यंत असतील तर रान-नाचणी. आणि एखाद्या "गवताचा" देठ बोटांत फिरवल्यावर तीन कडा लागल्या, तर तो लव्हाळ्याच्या कुळातला. गवताचा दांडा बहुधा गोल असतो आणि त्यावर पेरे असतात.

केसाळ, दंडगोल तुऱ्यांसाठी एकच परीक्षा पुरते. पिकलेला तुरा चिमटीत धरून ओढा. दाणे हातात आले आणि राठ केस दांड्यावरच राहिले तर ते सेटारिया गवत. केसांसकट पूर्ण झुपका निघाला तर अंजन गवत किंवा त्याचे भाऊबंद. सेटारिया व्हर्टिसिलाटाच्या केसांना उलटे काटे असतात, त्यामुळे ओढण्याआधीच ते बाहीला चिकटून आपली ओळख देते.

काळ्या मातीच्या बांधांवर मारवेल गवत भरपूर. पेरावर पांढऱ्या केसांचे कडे दिसले की निम्मे काम झाले. मग तुरा पाहा. तिथे दाणे जोडीने असतात, एक बिनदेठाचा, त्याला कुसळ. दुसरा देठाचा, बिनकुसळाचा. पिकल्यावर दांडाच सांध्यासांध्यावर तुटत जातो. तसाच दिसणारा बोथ्रिओक्लोआ पर्टुसा शेजारीच उगवतो. त्याच्या बिनदेठाच्या दाण्याच्या तुसावर (बाहेरच्या आवरणावर) बारीक खळगा असतो आणि सांध्याचा तुकडा उजेडाकडे धरला की मधोमध पारदर्शक रेघ दिसते. दहापट मोठे दाखवणारे भिंग नसेल तर हा फरक सोडून द्या, मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो दिसत नाही.

अभयारण्यात शिरल्यावर माळ कुसळी नावाच्या गवताचाच. एकेकट्या तुऱ्याची लांब काळपट कुसळे एकमेकांत गुंतून वेणी घालतात. तुऱ्याच्या खालच्या भागातल्या जोड्यांना कुसळ नसते, ते वरच्या मादी दाण्यांनाच. जमिनीवर पडलेले एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून पाहा. पिळलेला भाग ओलाव्याने उलगडतो आणि दाणा फिरू लागतो. सुकला की पुन्हा पिळतो. दाण्याच्या टोकाशी मागे वळलेले केस असल्याने तो पुढेच सरकतो, म्हणून तो मातीत घुसतो, मोज्यात घुसतो आणि जनावराच्या कातड्यातही.

बाहेरच्या बाजूला मेंढ्या राखणारे एक बाबा भेटले. "बाबा, मेंढरं कुसळी खातात का हो?" "तुरा यायच्या आधी खात्यात. मग न्हाई. कुसळ लोकरीतनं आत शिरतंय." पवन्या गवताकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये चांगलं." पवन्याचा तुराही एकेकटाच, पण फिकट, सरळ, आणि बिनदेठाच्या दाण्याच्या तुसावर खोल खोबण. कुसळीशेजारी ठेवला की चुकत नाही.

जिथे चराई जास्त, तिथे ॲरिस्टिडा गवत. प्रत्येक दाण्याला तीन कुसळे, दुसऱ्या कशाशी गल्लत व्हायची नाही. दाणा उडून गेल्यावर दोन रिकामी तुसे देठावर राहतात, त्यामुळे उशिरा गेलात तरी ओळखता येते. मुरमाड जागेत वीतभर उंचीचे मेलॅनोसेंक्रिस गवतही शोधा. उंच वाढणाऱ्यांत डोंगरी गवत उताराकडे मिळते: मोकळा तुरा, फांदीच्या टोकाला तीन-तीन दाणे, आणि सांध्याशी सोनेरी केस.

फोटोंचे थोडे सांगतो. वाऱ्याने तुरा हलतो, म्हणून सूर्य चढायच्या आत काम आटोपा. बऱ्याच गवतांचे परागकोशही सकाळीच बाहेर लटकलेले दिसतात. मागे धरायला काळा पुठ्ठा न्या. एक फोटो पूर्ण झुडपाचा, एक तुऱ्याचा, एक पेराचा, आणि एक पात जिथे दांड्याला मिळते त्या जागेचा. हा शेवटचा सगळे विसरतात आणि घरी बसून हळहळतात.

पँट गुळगुळीत कापडाची हवी, लोकरी मोजे नकोत. बूट घोट्यापर्यंतचे घाला, या भागात फुरसे हा विषारी साप आहे आणि आपले डोळे तुऱ्यांवर असतात. ठरलेल्या वाटेवरूनच चाला, कारण माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. कुत्रा बरोबर असेल तर त्याला बाहेरच्या बांधांवरही नेऊ नका, कुसळ कानात किंवा पंज्यात शिरले की डॉक्टरकडेच जावे लागते. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ सगळ्यात चांगला. दिवाळीनंतर गेलात तर कुसळी आणि मारवेलचे नुसते दांडे मिळतील, ॲरिस्टिडाची रिकामी तुसे मात्र तेव्हाही असतील.