दोन बॅगा आणि एक दाखला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर बोलणं मी सोडूनच दिलं होतं. गणपतीत मसालेभाताच्या रांगेत विचारलंत, मुलांच्या बेसबॉलच्या मैदानावर विचारलंत. माझा धाकटा भाऊ तर दर रविवारी पुण्याहून फोनवर विचारतो, "ताई, त्या गुलामांच्या वंशजांना भरपाई द्या म्हणणाऱ्यांत तू कशी काय? आपला काय संबंध?" सगळ्यांचा सूर एकच. उत्तर कुणालाच नको असतं, माझं डोकं ठिकाणावर आहे ना एवढी खात्री करून घ्यायची असते.

आहे. चहा घ्या आणि ऐका.

आधी पैशांचं, कारण सुरुवात तत्त्वाने झाली तरी गाडी दोन मिनिटांत "माझ्या टॅक्समधून का?" या स्टेशनवरच येऊन थांबते. शिकागोशेजारच्या आमच्या इव्हान्स्टन गावाने 2019 मध्ये ठरवलं की गांजाच्या विक्रीवरच्या करातून एक कोटी डॉलर या कामाला लावायचे. म्हणजे तुम्ही गांजा ओढत नसाल तर तुमच्या खिशातून छदामही गेला नव्हता. पुढे महागड्या घरांच्या विक्रीवरच्या करातूनही पैसे वळवले, तेव्हा तुमची ओरड थोडी खरी ठरली. थोडीच. प्रत्येकाला 25,000 डॉलर, आणि सुरुवातीला तेही फक्त घराचं कर्ज, घराची दुरुस्ती किंवा घर घेताना भरायची पहिली रक्कम यांसाठी. रोख घ्यायची सोय 2023 मध्ये झाली. एक कोटीला 25,000 ने भागा. चारशे येतात. एवढ्यावर देश बुडणार होता म्हणे.

"पण आपण कुणाला गुलाम केलं नव्हतं." हे वाक्य मराठी माणसाने जरा जपून उच्चारावं. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. अर्थात त्याचा हिशेब अमेरिकेच्या खात्यात धरता येत नाही, हे मलाही कळतं. मी ते फक्त तुमचा चेहरा बघायला म्हणते.

आणि "आपण तर 1965 नंतर आलो" याचं काय करायचं? 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांना इथल्या सुप्रीम कोर्टाने 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. ज्या 1965 च्या स्थलांतर कायद्याने आपल्याला दार उघडलं तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन भरात आला, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाच्याच वर्षी. दाराला खांदा दुसऱ्यांनी लावला आणि आपण बॅगा ओढत आत आलो.

ही उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. पण खरं सांगायचं तर यांतल्या कुठल्याही मुद्द्याने माझं मत बदललं नाही.

2019 च्या जूनमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे यावर सुनावणी झाली, ती मी ऑफिसात इअरफोन लावून पाहिली. खासदार जॉन कॉन्यर्स यांनी 1989 मध्ये पहिल्यांदा मांडलेलं एचआर 40 हे विधेयक होतं. त्यात पैसे द्या असं नव्हतंच, अभ्यासाला एक आयोग नेमा एवढंच होतं, आणि तेवढंही तीस वर्षांत झालं नव्हतं. त्या दिवशी कृष्णवर्णीय लेखक ता-नेहिसी कोट्स भरपाईच्या बाजूने बोलले आणि कोलमन ह्यूज नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय लेखक विरोधात. ह्यूजचा मुद्दा असा की पैसे दिले की नागरिक-नागरिकांतलं नातं वादी-प्रतिवादींचं होऊन बसेल, आणि पूर्वजांच्या दुःखावर असा भाव लावणं वंशजांनाच अपमानास्पद आहे. मला तो अगदी पटला. मीही म्हणत होते की मेलेल्यांचा हिशेब जिवंतांनी कुठवर चुकवायचा? आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, कुणाकडे काही मागितलं नाही.

ते "दोन बॅगा" मी त्या काळात फार वेळा म्हणायचे.

आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. नाव सांगणार नाही, मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणायचे. वय पंचाहत्तर, निवृत्त नर्स, जन्म इव्हान्स्टनचाच. माझ्या बाळंतपणात, माझी आई व्हिसाअभावी येऊ शकली नाही तेव्हा, लेकाला अंघोळ कशी घालायची ते मला त्यांनी शिकवलं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये त्या दार वाजवून आल्या. हातात बुटांचा खोका. गावाच्या योजनेचा अर्ज भरायचा होता आणि कागद स्कॅन करून हवे होते.

जेवणाच्या टेबलावर आम्ही तो खोका रिकामा केला. 1919 ते 1969 या काळात तुम्ही अठरा वर्षांचे होऊन गावात राहत होता, हे सिद्ध करायचं होतं. गावाने घरांच्या बाबतीत कृष्णवर्णीयांशी जो दुजाभाव केला, त्याची ती वर्षं. अशा माणसाला अर्जात जो शब्द होता तो आपल्या भाषेत 'पूर्वज'. समोर बसून चहात बिस्किट बुडवणारी बाई कागदावर पूर्वज! काकू त्यावर खूप हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे आता मला भिंतीवर टांगा."

खोक्यात काय काय होतं! हायस्कूलचं वार्षिक पुस्तक, चर्चमधल्या एका लग्नाची पत्रिका, वडिलांच्या नावाचं पाण्याचं बिल. वडील दुसऱ्या महायुद्धात होते. परतल्यावर सैनिकांना घरासाठी सवलतीचं कर्ज मिळत होतं, त्यासाठी ते गेले, आणि त्यांना जिथे घर हवं होतं तिथे ते मिळालं नाही. शेवटी पाचव्या वॉर्डात, कालव्याच्या अलीकडे, जास्त व्याजाने घेतलं. काकू हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. एकेक कागद सरळ करून माझ्याकडे सरकवत होत्या.

एका गोष्टीचं मला आश्चर्य वाटलं. त्यांना ही योजना आवडलेली नव्हती. मार्चमध्ये नगर परिषदेत ती 8 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाली, तेव्हा विरोधात पडलेलं ते एक मत सिसिली फ्लेमिंग यांचं होतं, आणि त्या स्वतः कृष्णवर्णीय. त्यांचं म्हणणं, ही भरपाई नाही, ही घरबांधणीची योजना आहे, नाव फक्त भरपाईचं. काकू म्हणाल्या, "सिसिलीचं बरोबर आहे. पण माझं छप्पर गळतं."

मग मी ते बोलले. कशाला बोलले, देव जाणे. काहीतरी उत्साह वाढवणारं बोलावं असं वाटलं असेल. म्हटलं, "खरं तर माणसाने मागचं सोडून द्यावं. माझे बाबा शून्यातून वर आले. आम्ही कुणाकडून काही घेतलं नाही."

काकूंनी हातातला कागद खाली ठेवला. सहज, खरोखर उत्सुकतेने विचारलं, "हो? काय करायचे तुझे बाबा? सुरुवात कशी झाली?"

आता इथे तुम्हाला माझ्या घरचं सांगायला हवं. माझी आजी कोयनेच्या खोऱ्यातली. गाव शिवसागराखाली, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाखाली, गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, असं ती सांगायची. आम्ही धरणग्रस्त. बाबांना 1982 मध्ये सरकारी नोकरी लागली ती प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर. बाबा हुशार होतेच, पण त्यांच्याएवढी हुशार पोरं शेजारच्या गावांतही होती, आणि त्यांच्याकडे दाखला नव्हता. त्या नोकरीवर कराडला घर झालं, माझं इंजिनिअरिंग झालं, त्या दोन बॅगा विकत आल्या. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेला असायचा. जमीन बुडाली तेव्हा बाबा जेमतेम पाळण्यात होते, त्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. पण "तुमची कुठे बुडाली जमीन?" असं त्यांना कुणीही विचारलं नाही. वारसाला मिळतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आईबापाचं बुडालं तर त्याची झळ पोरांना लागते, हे आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

हे सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि मी काकूंना म्हटलं, "खूप मेहनत केली त्यांनी."

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. काकू "हं" म्हणाल्या आणि बिल माझ्याकडे सरकवलं. बिलाच्या घडीवर शाई उडाली होती, वडिलांचं आडनाव अर्धंच वाचता येत होतं. मी ते तीन वेळा स्कॅन केलं. चौथ्यांदाही केलं, तोपर्यंत नीट दिसत असूनसुद्धा, कारण मान वर करायची नव्हती. निघताना त्यांनी मला नेहमीसारखं जवळ घेतलं. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी त्या घर विकून लेकीकडे अटलांटाला गेल्या, आणि ते फोनवर सांगण्यासारखं राहिलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच आहे. तुम्हाला तत्त्वज्ञान हवं होतं, पण माझ्याकडे आहे ते एक न सांगितलेलं वाक्य.

त्यानंतर मात्र मी वाचायला लागले, आणि वाचून राग आला. भरपाईची कल्पना परदेशी डाव्यांनी काल काढली असं तुम्ही म्हणता. भरपाई दिलेली आहे हो, फक्त मालकांना. 1862 मध्ये वॉशिंग्टन शहरातले गुलाम मुक्त केले तेव्हा सरकारने मालकांना माणशी 300 डॉलरपर्यंत मोजले. ब्रिटनने 1833 च्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड दिले, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाते 2015 पर्यंत फेडत होते. हैतीच्या लोकांनी तर स्वतःच स्वतःला सोडवलं, म्हणून 1825 मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँक मागितले. पुढे ते 9 कोटींवर आले, इतकीच दया. आणि ज्यांनी राबून कापूस पिकवला त्यांना? जानेवारी 1865 मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन, कुटुंबाला 40 एकर, द्यायचा हुकूम काढला. हजारो लोक जाऊन वसले, पेरते झाले. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करायला सुरुवात केली. आमच्याकडे निदान धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीत, संकलन रजिस्टरमध्ये, नाव तरी राहिलं.

एकच बाई मला सापडली जिला मिळाले. हेन्रिएटा वुड. मुक्त झालेली असताना 1853 मध्ये तिला पळवून पुन्हा विकलं. तिने पळवणाऱ्यावर दावा लावला, मागितले 20,000, आणि 1878 मध्ये मिळाले 2,500 डॉलर. तिचा मुलगा इथे शिकागोत वकील झाला. हे वाचताना मला बाबांची नोकरी आठवली. रक्कम तुटपुंजी, पण एक पिढी हलली.

आता तुम्ही म्हणाल, ताई, धरणाची आणि गुलामीची तुलना? बरोबर आहे. माझ्या आजीला कुणी विकलं नाही, तिची पोरं कुणी ओढून नेली नाहीत. तुलना लंगडी आहे. आणि ती तुमच्या बाजूनेही लंगडते: आमच्याकडे सातबारा होता, खातेदार कोण ते ठाऊक होतं. इथे मालकांच्या वहीत माणसांची नावंसुद्धा धड नाहीत. कुणाला द्यायचं ते कसं ठरवणार? कॅलिफोर्निया राज्याने भरपाईसाठी नेमलेल्या समितीत 2022 मध्ये यावरच 5 विरुद्ध 4 अशी फूट पडली आणि फक्त वंशजांनाच असं ठरलं. माझ्या ऑफिसातला नायजेरियन सहकारी त्यात बसत नाही, आणि पोलीस मात्र त्याची गाडी थांबवताना वंशावळ विचारत नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटींसारखे भरपाईचे कट्टर पुरस्कर्तेही म्हणतात की गावोगावच्या असल्या योजनांना भरपाई म्हणू नका, हे देणं केंद्र सरकारचं आहे. म्हणजे काकूंचं आणि सिसिलीबाईंचंच म्हणणं. कधी कधी वाटतं की या 25,000 ने गावाला 'आम्ही केलं' म्हणून झोपता येईल. आणि मग छप्पर आठवतं.

2019 मधली मी अजून आत कुठेतरी बसलेली आहे. ती म्हणते, पण आजी जिवंत होती, तिने सोसलं होतं, गुलाम तर कधीच मेले. तिला मी सांगते, काकू जिवंत होत्या. ती म्हणते, त्यांच्या नातवाचं काय? तो अटलांटात डेंटिस्ट आहे, त्यालाही द्यायचं? मी गप्प बसते. भरपाईला शेवट कुठे, ते मला आमच्या धरणाच्या बाबतीतही सांगता येत नाही. साठ वर्षं होऊन गेली तरी कोयनेचे लोक अजून धरणे देतात.

मागच्या रविवारी भावाचा फोन. नेहमीचं सगळं बोलून झालं. "काय, तुमच्या लोकांना मिळाले का पैसे?" वगैरे. मग सूर बदलून म्हणाला, "ताई, आपली पर्यायी जमीन निघायची चिन्हं आहेत. आजोबांच्या वारसांत तुझंही नाव लागलंय. माझ्या नावाने संमतीपत्र करून पाठव, तिथून साक्षांकित करून. लवकर कर, लिस्ट बंद होईल."

मी विचारलं, "आजोबांची जमीन तू पाहिलीस कधी?"

"पाण्यात आहे, पाहणार कशी?" तो म्हणाला. "काय विचारतेस?"

वकिलातीची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळाली आहे. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स लागतात, आणि मूळ प्रत.