एक्केचाळीस फेऱ्यांचा हिशेब

काटोलच्या बाजूला आमची संत्र्याची बाग आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंतचा दीड किलोमीटर पांदणीतून जावे लागते. विदर्भातली भारी काळी जमीन ज्यांनी पावसाळ्यात तुडवली आहे, त्यांना या दीड किलोमीटरचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. चाकाला चिखलाचे असे पेंड बसते की टायरची नक्षी दिसेनाशी होते, आणि एकदा नक्षी भरली की नवा टायर काय आणि घासलेला काय, दोन्ही सारखेच. आमच्याकडची जुनी पिकअप टू-व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना. रिकाम्या पिकअपचे बहुतेक वजन इंजिनामुळे पुढच्या चाकांवर असते आणि ज्या चाकांनी गाडी ढकलायची ती मागची चाके हलकी राहतात. त्यामुळे खत घेऊन जाताना गाडी कशीबशी जायची आणि खत उतरवून परतताना हमखास फसायची.

या गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह करायचे, तेही नागपुरातल्या घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, असे मी आणि धाकट्या भावाने मार्च महिन्यात ठरवले. मृग लागण्याआधी गाडी बागेत पोहोचली पाहिजे, ही मुदत बाबांनी घालून दिली होती. ट्रॅक्टर असताना हा उपद्व्याप कशाला, असे सगळ्यांनी विचारले. ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत आपल्या हाती नसतो, हे त्याचे खरे उत्तर आहे; आम्हाला हे काम करून पाहायचेच होते, हे दुसरे उत्तर मी घरात दिले नाही.

आधी कायद्याचे सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आमच्या पिकअपच्या नोंदणीची मुदत संपलेली होती आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचीच नव्हती, म्हणून आम्ही या वाटेला गेलो. काम संपल्यावर ती ट्रेलरवर चढवून थेट बागेत नेली. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करायचे असेल, तर माझ्या मते कारखान्यातूनच फोर-बाय-फोर (म्हणजेच फोर-व्हील ड्राइव्ह) निघालेली जुनी गाडी शोधावी.

सुटे भाग मिळवण्यासाठी कामठी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे चार रविवार घालवले. अखेर इंजिन गेलेली, पत्रा खाल्लेली एक जुनी फोर-बाय-फोर जीप सापडली. तिच्यातून समोरचे हाउसिंग (दोन चाकांमधला अॅक्सल आणि त्याचे गिअर ज्यात असतात ते लोखंडी कवच) आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीला) जोडलेला गिअरबॉक्स एवढेच घ्यायचे, मागचे हाउसिंग आपलेच ठेवायचे, असा आमचा बेत होता. पिकअपला समोर नुसता बीम अॅक्सल (ओढ नसलेला आडवा दांडा) आणि खाली पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) होते, त्यामुळे बीम काढून त्या जागी हाउसिंग बसवणे सोपे वाटत होते. समोर पाट्यांऐवजी टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) असलेल्या गाडीला चासीच नव्याने घडवावी लागते. तसे असते तर हे काम आम्ही घरी काढलेच नसते. इंजिन जीपच्याच घराण्यातले असल्यामुळे बेल हाउसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची, भोके तंतोतंत जुळली आणि आम्ही उगाचच खूश झालो.

वाडीत ट्रकचे काम करणारे एक मिस्त्री बाबांच्या ओळखीचे आहेत. त्यांना फक्त बघायला म्हणून बोलावले होते. त्यांनी शेडमध्ये आल्या आल्या चहाला नको म्हटले, हाउसिंगला पायाने जरा ढोसले आणि विचारले, "भाऊ, दात मोजले का जी?"

दात मोजले नव्हते. मग त्यांनी जे करून दाखवले ते या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे शिक्षण होते, म्हणून ते नीट सांगतो. पिकअप न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एक चाक जमिनीवर राहू दिले, त्याला आणि पुढच्या चाकांना दगडाची उटी लावली, दुसरे चाक जॅकवर उचलले आणि घोडीवर टेकवले. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या हाउसिंगला ओढ नेणाऱ्या दांड्यावर) खडूने एकेक रेघ ओढली. भाऊ चाक फिरवत होता आणि मी गाडीखाली आडवा पडून शाफ्टवरची रेघ किती वेळा वर येते ते मोजत होतो. एक चाक स्थिर असले की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसऱ्या चाकाच्या दोन फेऱ्यांचे काम एका फेरीएवढे होते, म्हणून वीस फेरे फिरवायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचे. शाफ्ट एक्केचाळीस वेळा फिरला. याचा अर्थ क्राउनला (अॅक्सल फिरवणाऱ्या मोठ्या गिअरला) ४१ आणि पिनियनला (शाफ्टच्या टोकाच्या, क्राउनला फिरवणाऱ्या लहान गिअरला) १० दात, म्हणजे प्रमाण ४.१. मग जमिनीवर ठेवलेल्या जीपच्या हाउसिंगचा एक हब साखळीने बांधून तेच केले. वीस फेऱ्यांना पिनियन एकोणपन्नासला थोडा कमी पडला, पावणेएकोणपन्नासच म्हणा. कव्हर उघडून पाहिले तेव्हा ३९ आणि ८ दात निघाले, प्रमाण ४.८७५.

हे दोन्ही आकडे एकाच गाडीत नांदू शकत नाहीत. जुन्या पद्धतीच्या फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकतो, मध्ये डिफरन्शिअल नसतो. दोन्ही शाफ्ट सारखेच फिरणार, तर मागची चाके शंभर मीटर जातील एवढ्यात पुढची चाके चौऱ्याऐंशी मीटरच जाऊ पाहतील. उरलेले सोळा मीटर कोणीतरी घसरून भरून काढायचे. चिखलात एक वेळ ते खपून जाईल, पण घट्ट जमिनीवर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटेल, अॅक्सल तुटेल किंवा ट्रान्सफर केस फुटेल. प्रमाण जुळलेले असतानाही कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळू नये असे जे सांगतात, त्याचे कारण हेच आहे: वळताना पुढच्या चाकांची वाट मागच्यांपेक्षा लांब असते आणि तेवढा फरक सोडायला चिखल किंवा वाळूच लागते.

मिस्त्रींनी दुसरीही एक गोष्ट दाखवली, जी आमच्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्टच नव्हे तर मागचाही मध्यरेषेच्या बाजूला सरकून निघतो, आणि आमच्या पिकअपच्या मागच्या हाउसिंगचा गोळा (क्राउन आणि पिनियन असतात तो फुगीर भाग) तर बरोबर मध्यावर होता. "मागचंबी जीपचंच लावा, नाहीतर नादच सोडा," असे सांगून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याकडे जाऊन मागचे हाउसिंगही उचलले. जीपचे हाउसिंग पिकअपएवढे वजन पेलण्यासाठी केलेले नसते, त्यामुळे आता आमची गाडी पूर्वीच्या निम्माच माल नेते.

अमेरिकेत १९५० च्या दशकात नॅपको नावाची कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या ट्रकांना फोर-व्हील ड्राइव्ह करण्याचा तयार संच विकत असे, आणि पुढे १९५७ मध्ये शेव्हरोलेचे असे ट्रक थेट कारखान्यातूनच निघू लागले. तयार संचात हे सगळे जुळवाजुळवीचे काम दुसऱ्या कोणी आधी करून ठेवलेले असते. भंगारातून गाडी बांधणाऱ्याने ते स्वतः करायचे असते आणि पैसे मोजण्याआधी करायचे असते.

पुढचे काम एप्रिल आणि मे महिन्यांत झाले. नागपूरच्या त्या उन्हात पत्र्याखाली दुपारी पाना हातात धरवत नाही, म्हणून पहाटे साडेपाच ते नऊ एवढाच वेळ मिळायचा. मागच्या हाउसिंगवर पाट्यांच्या बैठका नव्याने जोडताना गाडी पाट्यांवर पूर्ण वजनाने उभी केली, पिनियनचे तोंड हव्या त्या कोनात आणले, आधी फक्त टाके मारले आणि मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे थोडे थोडे वेल्डिंग केले, कारण एका दमात वेल्डिंग केले तर नळी वाकते आणि अॅक्सल सील खाऊ लागतो. समोर हाउसिंगचा गोळा इंजिनाच्या सम्पला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) लागत होता. त्यासाठी पाटे दोन इंचांनी उचलले. ते उचलल्याबरोबर स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन बदलला, ब्रेकचा होज अपुरा पडला आणि चाक ज्याच्याभोवती वळते त्या किंगपिनचा कल बिघडला. तो कल इतवारीतल्या लोहा ओळीतून आणलेल्या लोखंडाच्या पाचरी पाट्याखाली घालून सुधारला.

ट्रान्सफर केस उघडून धुताना एक प्रसंग घडला, जो आठवला की अजून घाम फुटतो. या केसच्या दोन दांड्यांच्या सळयांमध्ये चवळीच्या दाण्याएवढा एक पोलादी तुकडा असतो. पुढच्या चाकांची ओढ लावल्याशिवाय लो गिअर लागू न देणे एवढेच त्याचे काम. लोमध्ये जोर सुमारे अडीच पटीने वाढतो आणि तो सगळा एकट्या मागच्या अॅक्सलवर आला तर अॅक्सल मोडतो. केस बंद करून, बोल्ट आवळून, ऑइल भरून झाल्यावर भावाने सहज दांडा ओढून पाहिला आणि लो नुसत्या मागच्या चाकांवर लागला. तो तुकडा रॉकेलच्या थाळीत तळाशी, गाळात सापडला. पुन्हा सगळे उघडावे लागले.

मागचा शाफ्ट लांब झाला होता. तो हिंगणा एमआयडीसीत लेथवर कापून, जोडून आणि बॅलन्स करून घेतला. तिथले काम चोख होते, चूक आमची झाली. शाफ्टचा सरकता भाग पुन्हा बसवताना दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत आले पाहिजेत, ते आम्ही पाहिले नाही. ट्रेलरवरून उतरवून बागेच्या आतल्या वाटेवर पहिला फेरा मारला तेव्हा तिशीच्या पुढे गाडी अशी थरथरू लागली की आरसाच निखळला. शाफ्ट काढून कान एका रेषेत आणले आणि थरथर थांबली.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी पांदणीच्या कडेला गाडी उभी केली, खाली उतरून समोरचे दोन्ही हब लॉक केले (म्हणजे चाके अॅक्सलशी जोडली), आधी पुढचा दांडा आणि मग लो लावला. पेंड याही वेळी बसले, चाके याही वेळी थोडी फिरली, पण समोरची चाके इंजिनाच्या वजनाखाली चिखलात दात रोवत पुढे सरकत गेली आणि रिकामी गाडी बागेच्या फाटकापर्यंत न थांबता गेली. डाव्या पुढच्या चाकाचे सील मात्र गळते आहे आणि दर पंधरा दिवसांनी तिथे ऑइल पाहावे लागते.

पिकअपचे जुने हाउसिंग शेडमध्ये पडून होते. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक जण ट्रॉलीसाठी ते घेऊन गेला. देण्याआधी भावाने खडूने त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: ४१ – १०.