गुरुवारी सहाच वार

आमच्या मोबाईलवरच्या खेळात दांडपट्टा चालवणारी एक योद्धा आहे. तिच्या खास चालीला आम्ही 'फेर' म्हणतो. बटण दाबलं की ती जागच्या जागी गरगर फिरते आणि भोवतीच्या शत्रूंवर ०.८ सेकंदात आठ वार करते. ही चाल कागदावर मांडायला मला एक दुपार लागली. ती दर गुरुवारी का बिघडते, हे कळायला पाच आठवडे गेले.

कॉम्बॅट डिझायनर काय करतो, असं घरचे विचारतात. चित्र आणि कोड दुसऱ्यांचे असतात, आकडे माझे. 'फेर'चे आकडे असे होते: बटण दाबल्यापासून पहिल्या वाराचा काळ सुरू होईपर्यंत ०.३ सेकंद तयारी, मग ०.८ सेकंद वार, मग ०.५ सेकंद सावरणं. शंभरातली ४० ऊर्जा खर्च. पुन्हा वापरायला १२ सेकंद थांबायचं. प्रत्येक वार मूळ ताकदीच्या ३५ टक्के. प्रत्येक वाराला शत्रूवर एक जखम चढते. सातवी जखम चढली की तो 'घायाळ' होतो आणि ५ सेकंद त्याचं चिलखत अर्धं होतं.

तयारीचे ०.३ सेकंद मी उगाच ठेवलेले नाहीत. पट्ट्याची मूठ लोखंडी हातमोज्याच्या आत असते, त्यामुळे मनगट बांधलेलं राहतं आणि पातं फिरतं ते कोपर नि खांद्यातून. आमचा ॲनिमेटर तीन संध्याकाळी मर्दानी खेळाच्या आखाड्यात जाऊन बसला, फोनवर चित्रण करून आला आणि म्हणाला, पट्टा मधेच थांबवता येत नाही, तो फिरता ठेवावा लागतो. म्हणून खांदा मागे जाताना दिसायला हवा, आणि एकदा फिरायला लागली की तिला कुणी थांबवू नये. समोरच्या खेळाडूला तो खांदा वाचता आला पाहिजे. ०.२ ठेवून पाहिलं तर दिसेना, ०.४ ला चाल जड वाटायला लागली. त्या ०.१ सेकंदावर आम्ही दोन दिवस भांडलो आणि त्याचा मला अभिमान आहे.

चिलखताचं गणित साधं आहे. ताकद गुणिले १००, भागिले १०० अधिक चिलखत. आमच्या गडावरच्या मोठ्या शत्रूचं, म्हणजे बॉसचं चिलखत १५०. म्हणजे २००चा साधा वार त्याला ८० लागतो. तो घायाळ झाला की चिलखत ७५, आणि तोच वार ११४ लागतो. 'फेर'चा एकेक वार २००च्या ३५ टक्के, म्हणजे ७०चा. पहिले सात २८ने लागतात, आठवा ४०ने. एकूण २३६. खरी कमाई पुढच्या ५ सेकंदांत आहे: तेवढ्यात सहा साधे वार बसतात, ४८०च्या जागी ६८४. जखम उघडायची आणि मग तुटून पडायचं, हाच त्या चालीचा जीव.

तक्रार पहिल्यांदा आली ती पुण्यात धायरीला घरून काम करणाऱ्या आमच्या टेस्टरकडून. "ताई, बॉस चीटिंग करतोय. फेर पूर्ण बसला तरी घायाळ होत नाही." ऑफिसातल्या तीन फोनवर करून पाहिलं, प्रत्येक वेळी आठ वार, सातव्याला घायाळ. आमच्याकडे नियम आहे की तीन फोनवर दिसलं नाही तर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करायचं. ते बंद झालं. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा बंद झालं. हा नियम वाईट आहे. तो माणसाच्या डोळ्यांपेक्षा आपल्या टेबलावरच्या तीन वस्तूंवर जास्त विश्वास ठेवतो. हे मी मीटिंगमध्येही म्हटलं.

माझा पहिला संशय फाशांवर गेला. खेळाडू 'चीटिंग' म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो नशिबाबद्दल बोलत असतो. २५ टक्के क्रिटिकल, म्हणजे जादा जोराने बसणारा वार, चारात एकदा लागणारच, असं तो धरून चालतो, पण निव्वळ फासा टाकला तर ओळीने दहा वार क्रिटिकलशिवाय जाण्याची शक्यता ५.६ टक्के आहे, आणि लढाई दोनशे वारांची असली तर असं होणारच. म्हणून आम्ही वॉरक्राफ्ट ३ आणि डोटा २ या खेळांमध्ये वापरलेली पद्धत घेतली आहे: पहिल्या वाराला शक्यता साधारण ८.५ टक्केच, हुकला की दुसऱ्याला १७, तिसऱ्याला २५.५, आणि क्रिटिकल लागला की पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या वारापर्यंत तो लागतोच. सरासरी २५च राहते, पण लांब दुष्काळ पडत नाही. मी दोन दिवस लॉग, म्हणजे खेळाने लिहून ठेवलेल्या नोंदी, उपसले. फासे ठीक होते. शिवाय जखम फाशावर नव्हतीच, प्रत्येक वाराला एक, नक्की. हे मला पहिल्या तासात सुचायला हवं होतं.

तिसऱ्यांदा तिकीट उघडलं तेव्हा मी फक्त तारखा पाहिल्या. तिन्ही गुरुवार.

पुण्यात राहणाऱ्याला यापुढचं सांगायला नको. गुरुवार हा वीज दुरुस्तीचा वार. त्याच्या भागात सकाळी गेलेली वीज दुपारनंतर येते. एप्रिल महिना, गच्चीखालचा मजला, पंखा बंद, आणि फोन पॉवर बँकेला लावून तो खेळत बसलेला. चार्जिंगची उष्णता, खेळाची उष्णता आणि खोलीची उष्णता एकत्र झाल्यावर फोन स्वतःला वाचवायला चिप हळू करतो. बाणेरच्या आमच्या ऑफिसात एसी २४वर असतो. तिथला फोन कधी इतका तापणारच नाही.

पण नुसतं हळू होण्याने वार का गळावेत? ऑफिसातला फोन आम्ही मुद्दाम ३० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर आणला, २०वर आणला. आठच वार. मग मी त्याच्या लॉगमधले दोन वारांतले अंतर काढले. १३३ मिलिसेकंद, १३३, १३३, १३३. गोंधळलेला फोन असा एका तालात चुकत नाही. १३३ला तीनने भागलं, ४४.४ आलं. आणि ४४.४ म्हणजे सेकंदाच्या नव्वदाव्या भागाची चौपट. त्याच्या फोनचा पडदा ९० हर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला ९० ठोक्यांचा. आमचे तिन्ही ६०चे.

पडदा ठरावीक ठोक्यांवरच नवं चित्र घेतो. ६०च्या पडद्यावर फोन मंदावला की तो ६०वरून ३०वर येतो, मग २०वर. ९०च्या पडद्यावर पायऱ्या ९०, ४५, ३० आणि मग २२.५. आता आमच्या कोडमधलं घड्याळ बघा. दर फ्रेमला किती वेळ गेला ते मोजत जायचं, १०० मिलिसेकंद भरले की वार करायचा आणि काटा शून्यावर आणायचा. ६०ला सहा फ्रेममध्ये १०० भरतात, ३०ला तीन फ्रेममध्ये, २०ला दोन. बरोबर वाटण्या. २२.५ला दोन फ्रेम झाल्या की ८९, अजून भरले नाहीत. तिसऱ्याला १३३, वार झाला, काटा शून्यावर, आणि वरचे ३३ मिलिसेकंद फेकून दिले. दर वाराला ३३ फेकले तर ८०० मिलिसेकंदात सहाच वार बसतात. सहा जखमा. घायाळ व्हायला सात लागतात. नुकसान १६८ अधिक ४८०, म्हणजे ६४८, जिथे २३६ अधिक ६८४, म्हणजे ९२० व्हायला हवं होतं. खेळाडूने एकही चूक केलेली नसताना जवळपास ३० टक्के ताकद गेली.

कोड लिहिणाऱ्याने निष्काळजीपणा केला नव्हता, हे मला ठामपणे सांगायचं आहे. फ्रेम कधीच नेमक्या १६.६७ मिलिसेकंदांच्या नसतात म्हणून त्याने एका मिलिसेकंदाची सवलत ठेवली होती. त्या सवलतीमुळेच ६०, ३० आणि २०ला सगळं इतकं नेटकं जुळत होतं की चूक दिसायला जागा उरली नाही.

हा रोग जुना आहे. २०१४ साली डार्क सोल्स २ पीसीवर ६० फ्रेमने चालायला लागला तेव्हा त्यातली शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची, कारण झीज फ्रेमवर मोजली जात होती. त्याआधी, २०००च्या डायब्लो २ मध्ये तर सगळा खेळच सेकंदाला २५ फ्रेमवर बांधलेला आहे. तिथे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणून हल्ल्याचा वेग थोडा वाढवला तरी एक अख्खी फ्रेम वाचेपर्यंत काहीच बदलत नाही. खेळाडूंनी त्या पायऱ्यांचे तक्ते पाठ केले. तो तक्ता सगळ्यांना सारखा होता. आमचा मात्र फोनच्या पडद्यावर आणि खोलीतल्या उन्हावर ठरत होता, हा फरक मला लहान वाटत नाही.

दुरुस्ती सोपी दिसली: काटा शून्यावर आणायचा नाही, त्यातून १०० वजा करायचे, उरलेले पुढे न्यायचे. अर्ध्या तासात झालं. ऑफिसात आठ वार. पुढच्या गुरुवारी टेस्टरचा फोन आला. "ताई, आता चारच बसतायत."

सहाचे चार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वजाबाकीमुळे आता २२.५ फ्रेमला वार १३३, २२२, ३११, ४००, ५३३, ६२२, ७११ आणि ८०० मिलिसेकंदाला होत होते. आठ, बरोबर. पण मधलं अंतर बहुतेक ठिकाणी ८९. आणि शत्रूच्या बाजूला माझाच एक आकडा बसला होता: वार लागल्यावर ९० मिलिसेकंद दुसरा वार लागू नये. तो ठेवायचं कारण योग्य होतं. शत्रूच्या अंगावर डोकं आणि धड असे दोन हिटबॉक्स, म्हणजे वार लागला का ते तपासणारे न दिसणारे भाग, आहेत, पट्टा दोन्हींतून जातो आणि एकच वार दोनदा मोजला जाऊ शकतो. दोन वारांत १०० असतात, मग ९० सुरक्षित, असं मी धरलं. ८९ ला तो पहारेकरी दाराशी उभा राहिला. २२२ नाकारला, ३११ घेतला, ४०० नाकारला, ५३३ घेतला, ६२२ नाकारला, ७११ घेतला, ८०० नाकारला. १३३ धरून चार.

एका मिलिसेकंदाने निम्मी चाल गेली होती. ९०च्या जागी ८० लिहून ते तिथल्या तिथे मिटलं असतं, आणि प्रोड्युसरचा आग्रह तोच होता. मी नाही म्हणाले. वेळेच्या अंतरावरून 'हा तोच वार आहे का' हे ओळखणंच चूक होतं. आता प्रत्येक फेराला एक क्रमांक आहे आणि त्यातल्या वारांना एक ते आठ. शत्रू आपल्याजवळ यादी ठेवतो: या फेराचा चौथा वार मला लागून गेला. तोच पुन्हा आला तर नाकारायचा, पाचवा आला तर घ्यायचा, मग मधे ८९ असोत की शून्य. आणि लढाईचं सगळं गणित आम्ही चित्राच्या फ्रेमवरून काढून ठरावीक ठोक्यावर नेलं. यूनिटीत, म्हणजे ज्या गेम इंजिनवर खेळ बांधला आहे त्यात, तो ठोका मुळातच २० मिलिसेकंदांचा असतो, तोच ठेवला. पाच ठोक्यांना एक वार, पूर्णांकात मोजायचा, दशांश नाही. फोन मागे पडला तर एका चित्राच्या आत दोन-तीन ठोके उरकतो. चित्र अडखळतं, हिशेब नाही. आवाजाचा एक त्रास उरला होता, एकाच फ्रेममध्ये दोन वार आले की खणखणाट दुप्पट मोठा व्हायचा. तिथे दुसरा आवाज गाळला.

आता जे डोक्यातून जात नाही ते. या सगळ्याच्या तीन आठवडे आधी मी 'फेर'चा वार ३०वरून ३५ टक्के केला होता. बाहेरच्या खेळाडूंकडून आलेल्या आकड्यांत बॉसशी हरणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसत होतं, सरासरी नुकसान कमी दिसत होतं, आणि मी चाल अशक्त आहे असा निष्कर्ष काढला. ती सरासरी दोन वेगवेगळ्या चालींची होती: आठ वारांची एक आणि सहा वारांची एक. महागड्या फोनवाल्यांना मी नको असलेली ताकद दिली, आणि तापलेल्या फोनवाल्यांना सहा जखमांच्या जागी सहाच जखमा, फक्त थोड्या खोल. घायाळ त्यांचा बॉस तरीही झाला नाही. मार्केटिंगची माणसं प्रत्येक प्रात्यक्षिकाला सगळ्यात भारी फोन नेतात, पण आपले बहुतेक खेळाडू पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने, चार्जिंग वीस टक्क्यांवर असताना खेळतात. माझी आकड्यांची शीट त्यांच्यासाठी बनलीच नव्हती.

३५ परत ३० करायचे का, यावर अजून ठरत नाही. कमी केले तर ज्यांनी इतके दिवस ३५वर हात बसवला ते म्हणणार चाल मारून टाकली, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने खरं असेल. तसेच ठेवले तर गडावरचा बॉस मी ठरवला होता त्यापेक्षा लवकर पडतो आणि त्याचा शेवटचा हल्ला, ज्यावर ॲनिमेटरने महिना घातला, बऱ्याच जणांना दिसतच नाही. बॉसचं चिलखत वाढवावं तर बाकीच्या पाच योद्ध्यांचं गणित हलतं.

परवाच्या गुरुवारचा लॉग समोर आहे. वीज सव्वादहाला गेली, फोन ४३ अंशांवर, पडदा २२.५वर. वारांची अंतरं १००, १००, १००, १००, १००, १००, १००. सातव्याला घायाळ. टेस्टरने खाली लिहिलंय, "बसले, ताई." शीटमधला ३५चा चौकोन मी पिवळा करून ठेवला आहे.