आमची वाटचाल : विद्यापीठाच्या मीटरांचे काम

मूर्तिजापुरात मोटार रिवाइंडिंग आणि पंपांचे स्टार्टर यांपासून आमची सुरुवात झाली. पुढे कापसाच्या जिनिंगच्या पॅनेलांची (विजेच्या नियंत्रणाच्या पेट्यांची) कामे मिळत गेली आणि दुकान नीट चालले. आमची खरी परीक्षा मात्र एका मोठ्या विद्यापीठाच्या परिसरात झाली, म्हणून तिच्याविषयीच सविस्तर लिहितो.

उच्चदाबाने एकाच ठिकाणी वीज घेणाऱ्या परिसराला महिन्याकाठी एकच बिल येते. त्यात वसतिगृहाचा वाटा किती आणि प्रयोगशाळेचा किती, हे कळत नाही. एप्रिल 2020 पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांऐवजी ओढलेल्या एकूण विजेवर, होऊ लागली आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) नेमका कोणत्या इमारतीत घसरतो, हे शोधणे भाग पडले. जुने चकतीचे मीटर फक्त युनिट दाखवीत आणि वायरमन ते वहीत उतरवून आणत. त्यांच्या जागी 0.5 एस या अचूकता वर्गाचे मल्टिफंक्शन मीटर (युनिटांबरोबर करंट, किलोवॅटही दाखवणारे) बसवून ते सर्व आरएस-485 च्या, म्हणजे मीटरांचे आकडे वाहून नेणाऱ्या, केबलने एका संगणकाला जोडायचे, असे काम होते.

पहिला टप्पा शहरातल्या एका मोठ्या कंपनीला मिळाला, दुसरा आम्हाला. त्यांनी मीटर बदलताच एका इमारतीचा वापर जवळपास एक तृतीयांशावर आला आणि ही ऊर्जाबचत असल्याचे त्यांनी समितीपुढे मांडले. आमच्या इमारतींत तशी घट दिसेना, म्हणून संशय आमच्याच मीटरांवर आला आणि आमचे बिल रोखले गेले. सगळे खेळते भांडवल सीटी (मोठा करंट मीटरला मोजता येईल इतका कमी करणारे करंट ट्रान्सफॉर्मर), पॅनेल आणि केबलमध्ये अडकलेले. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली, बँकेचे सीसी (कॅश क्रेडिट) खाते मर्यादेला टेकले आणि त्या दिवाळीला कारागिरांना पूर्ण पगार देता आला नाही, ही गोष्ट आजही मनाला लागते. ज्यांचा पहिला एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारा) पॅनेल आम्ही बनवला होता, त्या जिनिंगमालकांनी तेव्हा कोटेशनही न मागता हंगामाच्या कामाची पूर्ण रक्कम आगाऊ दिली. त्यांचे काम आजही आमच्याकडे सर्वांत आधी होते.

अखेर लेखी परवानगी घेऊन आम्ही त्या इमारतीचा पॅनेल विद्यापीठाच्या जुन्या वायरमनसमोर उघडला. क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजचा करंट जवळपास सारखा आला. मग मीटरचे बटण दाबत फेजनिहाय किलोवॅट पाहताना वायरमन म्हणाले, "भाऊ, बी फेज तं मायनस दाखवून राह्यला!" बी फेजच्या सीटीची पी-1 बाजू पुरवठ्याऐवजी लोडकडे होती. लोड समतोल असताना एक सीटी उलटा बसला, की दोन फेजच्या बेरजेतून तिसरा वजा होतो आणि मीटर खऱ्या वापराच्या एक तृतीयांशच नोंदवतो. टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर सीटी शॉर्ट करून (त्याची दोन टोके एकमेकांना जोडून) मीटरकडे जाणाऱ्या एस-1 आणि एस-2 च्या तारा अदलाबदल केल्या, शॉर्टिंग काढले, आणि आकडा पुन्हा जुन्या मीटरच्या जवळ आला. त्या कंपनीची बचत कागदावरच होती.

या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की चालू लोडवर सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीही उघडी ठेवू नका. तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते. मीटरमध्ये भरलेला सीटी रेशो सीटीच्या पाटीशी स्वतः ताडून पाहा: पाटीवर 200/5 आणि मीटरमध्ये 400/5 असेल, तर वापर दुप्पट दिसणारच. आरएस-485 ची केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्या, मधून फांद्या फोडू नका आणि दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावा. ती पॉवर केबलच्या खंदकात तर मुळीच टाकू नका. आपल्याकडे पावसाळ्यात विजा पडतात, तेव्हा इमारतींबाहेरून जाणाऱ्या या केबलला सर्ज प्रोटेक्टर हवाच. निविदेत तो नसला तरी आग्रह धरून घालून घ्या.

आमचे बिल पुढे मंजूर झाले. आमच्यावरचा आरोप मागे घेणारे पत्र मात्र समितीने कधीच दिले नाही आणि अनामत रकमेसाठीचा आमचा अर्ज आजही तिथल्या लेखा शाखेत पडून आहे. त्याच विद्यापीठाचा विद्युत विभाग दर महिन्याचे वीजबिल आमच्या मीटरांच्या बेरजेशी ताडूनच पुढे पाठवतो.